तुवालू-ऑस्ट्रेलिया करार: २८० व्हिसांच्या बदल्यात काय दिलं?

खाडीकाठ

तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या फालेपिली कराराचं सगळीकडे कौतुक चाललंय. समुद्र वाढला तर एका देशाच्या माणसांना दुसऱ्या देशात हक्कानं राहता यावं, अशी लेखी सोय आजवर कुणी केली नव्हती, हे खरं. तरीही मला हा करार तुवालूच्या तोट्याचा वाटतो. का, ते सांगतो.

ज्यांना देशाची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मधे नऊ प्रवाळबेटं, सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर, माणसं दहा-अकरा हजार. त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या फुनाफुती या राजधानीच्या बेटसमूहावर. सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून पाच मीटरसुद्धा नाही. नदी-ओढा काही नाही, प्यायला छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी. फुनाफुतीचं फोंगाफाले हे मुख्य बेट काही ठिकाणी इतकं चिंचोळं, की रस्त्यावर उभं राहिलं तर एका हाताला महासागर आणि दुसऱ्या हाताला लगून, म्हणजे बेटांनी वेढलेलं आतलं खारं पाणी.

पण समुद्र मोजायला घेतला तर हा देश लहान नाही. साडेसात लाख चौरस किलोमीटरच्या आसपास सागरी हद्द, आणि त्यात ट्यूना. परदेशी बोटींना मासेमारीचे दिवस विकायचे, हे सरकारचं मोठं उत्पन्न. तुवालूसकट नाउरू करारातले पॅसिफिक देश एकजुटीनं दर ठरवतात, एका बोटीच्या एका दिवसाला किमान ८,००० अमेरिकन डॉलर. शिवाय देशाच्या वाट्याला आलेलं 'डॉट टीव्ही' हे इंटरनेटचं नाव त्यांनी भाड्यानं दिलंय. २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं ते त्याच पैशाच्या जोरावर. १९८७ चा ट्रस्ट फंडही आहे. म्हणजे हे लोक हात पसरून बसलेले नाहीत. असलेलं जपून वापरणारा हा देश आहे.

आता करार. ९ नोव्हेंबर २०२३ ला कुक बेटांतल्या रारोटोंगात सह्या झाल्या, २८ ऑगस्ट २०२४ पासून लागू. दरवर्षी २८० तुवालूवासीयांना सोडत काढून ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा, शिकण्याचा, काम करण्याचा हक्क. २०२५ च्या पहिल्या सोडतीत घरच्या माणसांसकट ८,७५० नावं आली. दहा-अकरा हजारांच्या देशात!

आणि बदल्यात चौथं कलम. संरक्षण, पोलीस, सीमा, सायबर सुरक्षा, एवढंच काय बंदरं, वीज आणि दूरसंचार या बाबतीतही तिसऱ्या कुठल्याही देशाशी व्यवहार करायचा तर तुवालूनं आधी ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची. घर बुडतंय म्हणून शेजाऱ्यानं ओसरी दिली, हे चांगलंच. पण ओसरीच्या बदल्यात आपल्या घरी पाहुणा कोण येणार हे शेजारी ठरवणार असेल, तर तो शेजारधर्म कसा? आणि 'फालेपिली' या शब्दाचा अर्थच मुळी शेजारधर्म.

दर्यावर्दी

खाडीकाठ साहेब, माहिती छान दिलीत, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

मी जहाजावर इंजिनिअर होतो. जर्मन मालकांच्या कंटेनर जहाजांवर तुवालूचे खलाशी बरेच असत. त्यांची अमातुकू बेटावर खलाशांची शाळा आहे, पोरं तिथून शिकून येत. आमचा एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तुवालूच्या वाइतुपू बेटाचा. एकदा विषुववृत्ताजवळ पाऊस कोसळत होता, हॅच कव्हरवरून पाण्याचे लोट डेकवर, डेकवरून समुद्रात. बोसन रेनकोट न घालता नुसता बघत उभा. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाला, "हे सगळं पाणी माझ्या आईच्या छपरावर पडायला हवं होतं." पगारातून त्यानं आधी घरी पाण्याची टाकी घेतली होती, मग दुसरी. २०११ साली तिथं दुष्काळानं आणीबाणी लागली, तेव्हा त्या टाक्या आठवल्या मला.

त्या माणसाला परदेशात काम करायचं तर कंपनीच्या कंत्राटाशिवाय वाट नव्हती. नऊ-दहा महिने समुद्रावर, घरी मूल जन्मलं तरी तारेवरच कळायचं. आज त्याच्या मुलीला २५ डॉलर भरून सोडतीत नाव देता येतं, लागलं तर नवरा-मुलांसकट ऑस्ट्रेलियात जाता येतं, तिथल्या सरकारी दवाखान्यात इलाज होतो, आणि वाटेल तेव्हा घरी परत येता येतं. यात 'तोटा' कुणाचा?

आमच्या रत्नागिरीकडची गावं मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगली. गिरणीत गेलेल्या माणसानं घराला कौलं घातली. त्याला कुणी म्हणालं नाही की तू गेलास म्हणून कोकण बुडालं.

खाडीकाठ

म्हणाले की, दर्यावर्दी. त्याच घरांना आज कुलपं आहेत. मीही तिकडचाच.

भूस्तर

एक मूळ मुद्दा दोघांनीही गृहीत धरलाय, की बेटं बुडताहेत. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७१ ते २०१४ या काळातले हवाई फोटो आणि उपग्रहचित्रं घेऊन तुवालूची १०१ लहानमोठी बेटं मोजली. २०१८ मध्ये निकाल आला: देशाची जमीन २.९ टक्क्यांनी वाढलीय, सुमारे तीन चतुर्थांश बेटं मोठी झालीत. प्रवाळबेट म्हणजे खडकाचा ठोकळा नाही. लाटा प्रवाळाचा चुरा आणून टाकतात, एका बाजूनं किनारा खातात, दुसऱ्या बाजूला भर घालतात. बेट हलतं, आकार बदलतं. म्हणून 'देश नकाशावरून पुसला जाणार' हे बोलणं मला घाईचं वाटतं, आणि त्या भीतीपोटी संरक्षणाच्या सह्या करून देणं तर त्याहून.

खाडीकाठ यांच्याशी मी सहमत आहे, पण वेगळ्या वाटेनं.

मुक्ता

भूस्तर, तो अभ्यास क्षेत्रफळाचा आहे, उंचीचा नाही. राहायला नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही.

तुवालूत पुलाका नावाचं अळवासारखं मोठं कंद लावतात. वाळूत खोल खड्डा खणायचा, खालच्या गोड्या पाण्यापर्यंत, आणि तिथं पालापाचोळ्याचं खत घालत पिढ्यान् पिढ्या पीक काढायचं. भरतीचं पाणी आता जमिनीखालून, प्रवाळाच्या छिद्रांतून वर येतं. बांध घालून ते अडत नाही, कारण ते किनाऱ्यावरून आत येतच नाही. खड्ड्यात खारं पाणी शिरलं की पुलाका कुजतो. बेट नकाशात तीन टक्के वाढलं तरी त्या खड्ड्याच्या मालकिणीला काय त्याचं? कोकणात खारभूमीचा बांध फुटलेलं शेत ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. शेत जागेवरच असतं, मोजणीत एक गुंठा कमी भरत नाही, भात मात्र होत नाही.

नासाच्या अभ्यासानुसार तिथली समुद्रपातळी तीस वर्षांत सुमारे १५ सेंटिमीटर वाढलीय. ज्या देशाची उंची मीटरमध्ये मोजताना एका हाताची बोटं पुरतात, तिथं १५ सेंटिमीटर फार झाले.

कराराबद्दल: मी त्याच्या बाजूची आहे, आणि कारण व्हिसा हे नाही. दुसरं कलम वाचा. समुद्र कितीही वाढला तरी तुवालूचं राष्ट्रपण आणि सार्वभौमत्व कायम राहील, हे ऑस्ट्रेलियानं करारात मान्य केलंय. तुवालूनं २०२३ मध्ये आपल्या राज्यघटनेतही तेच लिहून घेतलं. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्लामतात म्हटलं की एकदा अस्तित्वात आलेल्या राष्ट्राचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राष्ट्रपण संपलंच असं होत नाही. हे नुसते शब्द नाहीत. खाडीकाठ यांनी ट्यूनाचा हिशेब दिलाय ना? ती साडेसात लाख चौरस किलोमीटरची हद्द राष्ट्र टिकलं तरच तुवालूची. या घडीला तुवालूसाठी याहून मोठी मालमत्ता कुठली?

दर्यावर्दी

मुक्ताताई, हेच मला मांडता येत नव्हतं.

चौथ्या कलमाबद्दल माझंही ऐका. या देशाला सैन्य नाही. समुद्रात गस्त घालायची नौकासुद्धा ऑस्ट्रेलियानंच दिलेली. २०२३ च्या वादळांत एक कामातून गेली तर २०२४ मध्ये दुसरी दिली. साडेसात लाख चौरस किलोमीटरवर एक नौका! चोरून मासे मारणाऱ्याला कोण पकडणार? ज्याच्याकडे नौका, त्याच्याशी करार करावाच लागतो. शिवाय १२ महिन्यांची नोटीस देऊन करारातून बाहेर पडता येतं. गळ्यात धोंडा बांधलेला नाही कुणी.

अनघा, ऑकलंड

मी पश्चिम ऑकलंडमध्ये राहते. आमच्या भागात तुवालूची बरीच कुटुंबं आहेत. २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडभर साडेचार हजारांवर होती. न्यूझीलंड २००२ पासून त्यांना दरवर्षी ७५ जागा देत होतं, नंतर वाढवल्या. म्हणजे ही सोडत त्यांना नवी नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस इथं तुवालू भाषेचा आठवडा असतो. दोन वर्षांपूर्वी शेजारणीनं मला नेलं होतं. फातेले नाच होता. मधोमध लाकडी पेटी, भोवती पुरुष बसून तळहातांनी ती बडवतात, मागे बायका उभ्या, गाणं सावकाश सुरू होऊन वेग घेत जातं आणि शेवटी एकदम थांबतं. शेजारणीची मुलगी, वय नऊ, सगळे हातवारे बरोबर करत होती, ओळी मात्र तिला येत नव्हत्या. आई मागून कानात सांगत होती. माझ्या मुलाला मी गणपतीच्या आरतीला अशीच ओळी सांगते, त्यामुळे ते दृश्य मला जरा जास्तच लागलं.

खाडीकाठ, तुमची भीती कशाबद्दल आहे ते पॅसिफिकमधल्या नियुए बेटाकडे पाहिलं की कळतं. १९७४ पासून नियुए स्वशासित, न्यूझीलंडचं नागरिकत्व, येण्याजाण्याला आडकाठी नाही. आज बेटावर दोन हजारसुद्धा माणसं नाहीत आणि न्यूझीलंडमध्ये त्याच्या कितीतरी पट. समुद्रानं नाही केलं ते. नियुए उंच बेट आहे. पगारानं, शाळेनं, दवाखान्यानं केलं.

पण म्हणून दार बंद ठेवा असं मी म्हणू शकत नाही. मी स्वतः सांगलीहून इथं आले. मला कुणी विचारलं नव्हतं की तुझ्या जाण्यानं गावाचं काय होईल.

खाडीकाठ

अनघाताईंचं वाचून मी थोडा वेळ थांबून लिहितोय.

व्हिसाबद्दल मी मागे येतो. जाणाऱ्याला अडवण्याचा हक्क मला नाही, तुवालूच्या सरकारलाही नाही. वाइतुपूच्या लोकांनी स्वतःच्या पैशानं फिजीतलं किओआ बेट विकत घेतलं आणि १९४७ मध्ये काही कुटुंबं तिथं राहायला गेली, अजून आहेत. तेव्हा हवामानबदल कुणाला ठाऊकही नव्हता. जाणं त्यांच्या परंपरेतच आहे. दर्यावर्दींना मी कुलपांचं बोललो ते रागात होतं.

चौथ्या कलमावर मात्र ठाम आहे, आणि त्याला कारण त्या बेटाचा इतिहास. १८६३ मध्ये पेरूच्या जहाजांनी फुनाफुती आणि नुकुलाएलाए बेटांवरून शेकडो माणसं फसवून गुलामीत नेली. १९४३ मध्ये अमेरिकन सैन्यानं फोंगाफालेवर धावपट्टी बांधली, आणि भरावासाठी लागणारं प्रवाळ त्याच बेटातून खणलं. आधीच चिंचोळं बेट, त्यात हे खड्डे. त्यांत खारं पाणी साचलं, कचरा साचला, त्यांच्या काठावर माणसं राहिली. बुजवले कधी, तर २०१५ मध्ये, तेही न्यूझीलंडच्या पैशानं. आज संध्याकाळी त्या धावपट्टीवर मुलं फुटबॉल खेळतात, फिजीतल्या सुवाहून विमान यायचं झालं की भोंगा वाजतो आणि सगळे बाजूला होतात. धावपट्टी कामाला आली, खरं आहे. पण कुठे खणायचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हेच मला चौथ्या कलमात दिसतं. संरक्षणापुरती संमती असती तर मी हा धागा काढलाच नसता. वीज, बंदर आणि टेलिफोन त्यात कशाला? उद्या वाइतुपूला धक्का बांधायला जपान किंवा तैवान पुढे आलं, तर ती चर्चा कॅनबेराच्या वेळापत्रकावर चालणार. ज्या देशात पक्षच नाहीत, १६ जणांची संसद, आठ मतदारसंघांतून दोन-दोन माणसं, बेटाचा कारभार फालेकाउपुले म्हणजे गावसभेत बसून चालतो, तिथं धक्का कुठे बांधायचा हे त्या सभेत ठरावं.

मुक्ता

त्यांनी ते ठरवायचा प्रयत्न केला असं माझं म्हणणं आहे. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत करार करणारे पंतप्रधान नातानो स्वतःच्या जागेवरून हरले. माजी पंतप्रधान एनेले सोपोआगा करारावर उघड टीका करत होते. फेलेती तेओ पंतप्रधान झाले, त्यांच्या सरकारनंही आधी सार्वभौमत्वाबद्दलच्या शंका बोलून दाखवल्या आणि मग करार पुढे नेला. पाहून, तोलून पुढे नेलाय. आपण लांबून त्यांना फसवले गेलेले समजतो, तेही बरं नाही.

आणि तैवानचं म्हणाल तर समुद्राखालून येणाऱ्या त्यांच्या पहिल्या इंटरनेट केबलला पैसे देणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाबरोबर तैवानही आहे, जपानही. निदान तिथं तरी दार लावलेलं दिसत नाही.

खाडीकाठ

केबलचा मुद्दा चांगला आहे, तो मी धरला नव्हता. तरी ती संमती मिळाली म्हणून संमती लागावी का, हा प्रश्न उरतोच. पुढच्या वेळी हाच पैसा ऑस्ट्रेलियाला नको असलेल्या देशाकडून आला तर?

भूस्तर

मुक्ता, पुलाकाचं मान्य. क्षेत्रफळावरून मी राहण्याजोगेपणाचा निष्कर्ष काढायला नको होता.

पण मग पैसा कुठे जावा यावर बोलू. फोंगाफालेच्या लगूनच्या बाजूला सात हेक्टरांवर नवी जमीन उंच भराव घालून तयार झालीय, २०२३ अखेर. ग्रीन क्लायमेट फंड या हवामानबदलासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचे ३.६ कोटी डॉलर होते त्यात. पुढचा आराखडा ३.६ चौरस किलोमीटर उंच जमिनीचा आहे. दरवर्षी २८० म्हटलं तर सगळ्यांना जायला चाळीस वर्षं लागतील, तीही नवी मुलं मोजली नाहीत तर. तोवर मागे राहणाऱ्यांना उभं राहायला उंच जमीन लागेल. ऑस्ट्रेलियाला मी व्हिसांइतकाच या भरावाचा हिशेब विचारेन.

दर्यावर्दी

भरावाला माझा पूर्ण पाठिंबा.

बोसनची एक गोष्ट राहिली. त्याच्या घरापुढे त्याच्या वडिलांची कबर आहे, वर पत्र्याचं छप्पर घातलेलं. तिथं बहुतेक घरांपुढे असतं तसं. मी विचारलं होतं, निवृत्त झाल्यावर कुठे राहणार. म्हणाला मुलं न्यायची तिथं नेऊ देत, आई आहे तोवर मी वाइतुपूला. खाडीकाठ, त्याच्यासाठी धक्क्याचा निर्णय वाइतुपूतच व्हायला हवा, एवढं तुमचं मी घेतो. व्हिसा त्याच्या मुलीसाठी राहू द्या.