आबांसोबत रोज रात्री एक भाग: पुन्हा बघावी अशी जुनी तपासमालिका सुचवा

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी सल्ला हवाय. आबा कोर्टात लिपिक म्हणून लागले आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले. आता वय ७६. मागच्या आठवड्यात दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचन महिनाभर बंद, पण जेवणानंतर तासभर टीव्ही चालेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. पेपर आणि पुस्तकाशिवाय आबांचा दिवस सरत नाही, म्हणून तो तास चांगला जावा असं मनापासून वाटतं.

परवा एक हल्लीची मालिका लावली. दहा मिनिटांत आबा उठून बसले. "पिस्तूल उघड्या हातानं उचलायलाय बघ तो. पंच कुठायत? मुद्देमाल सील न करताच खिशात घातला!" त्यांनी जन्मभर पंचनामे आणि मुद्देमालाच्या याद्या हाताळल्या, त्यांना हे सोसत नाही. मलाही त्यांचं म्हणणं पटतं.

आमच्याकडे पूर्वी व्हीसीआरवर टेप केलेल्या 'ब्योमकेश बक्षी'च्या सात कॅसेट होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर आबांनी भागाचं नाव आणि खाली एक शेरा लिहिला होता. 'साक्षीदार विश्वासार्ह.' 'जप्ती संशयास्पद.' ऑगस्ट २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत छातीभर पाणी होतं. आम्ही आबांना आणि धान्याच्या डब्यांना वर नेलं, ट्रंक राहिली. चिखल काढताना कॅसेट सापडल्या, पण त्यांवरची शाई गेली होती.

तर प्रश्न असा: खुनी कोण हे आधीच ठाऊक असताना कोणते भाग पुन्हा बघण्यासारखे आहेत? ब्योमकेशच बघायचं तर कुठून सुरू करू? दुसरं काही चालेल का?

मिरजेचा_वाचक

ब्योमकेशच बघा, आणि क्रमानं बघा. दिग्दर्शन बासू चटर्जींचं, ब्योमकेश म्हणजे रजित कपूर, आणि त्याचा मित्र अजित म्हणजे के. के. रैना. पहिले भाग दूरदर्शनवर १९९३ साली आले, पुढचे १९९७ साली. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ते पुन्हा दाखवले तेव्हा मी सगळे दुसऱ्यांदा बघितले, म्हणून अनुभवानं सांगतो.

पहिला भाग 'सत्यान्वेषी'. पहिल्या वेळी आपण अजितच्या डोळ्यांनी बघतो. मेसमध्ये अतुल नावाचा एक मुलगा राहायला येतो आणि त्याच्यावरच आपला संशय जातो. आता अतुल कोण हे माहीत आहे ना, मग या वेळी नजर त्याच्यावरून हलवू नका. लोक बोलत असतात तेव्हा तो काय ऐकतो, कुठे थांबतो, कोणता प्रश्न मुद्दाम भाबडेपणानं विचारतो, हे बघा. तोच भाग पूर्ण वेगळा दिसतो. रजित कपूरनं तिथे जे काम केलंय ते पहिल्यांदा बघताना कळूच शकत नाही.

मग 'रास्ते का कांटा'. रस्त्यात माणसं मरतात आणि छातीत ग्रामोफोनची पिन सापडते. या वेळी रस्त्यावरचे आवाज ऐका. आबांचे डोळे अजून नाजूक आहेत, तर हा भाग त्यांना निम्मा कानांनीच बघता येईल.

पुढे 'मकड़ी का रस'. खोलीबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्याला सगळ्यांची नजर असूनही विष मिळतं ते कसं? म्हातारा लिहीत असताना त्याच्याकडे बघा, एवढंच सांगतो. ती गोष्ट पहिल्यापासून आपल्यासमोर असते, लपवलेली नसते. पुन्हा बघण्याजोगा भाग ओळखायची माझी खूण हीच: पुरावा प्रेक्षकाला आधी दाखवला होता की शेवटी खिशातून काढला? खिशातून काढला असेल तर तो भाग दुसऱ्यांदा बघायला काही उरत नाही.

सुधाची_मैत्रीण

सत्यवती पहिल्यांदा येते तो भाग वगळू नका! भावावर खुनाचा आळ आलाय आणि ती ब्योमकेशकडे मदत मागायला येते. आपल्या सुकन्या कुलकर्णी. पुढे 'आभाळमाया'तली सुधा म्हणून त्या घराघरांत पोचल्या, पण मला त्या सत्यवती म्हणूनच आधी आठवतात. फार थोडे संवाद आणि सगळं डोळ्यांत.

जुना_प्रेक्षक_विटा

'सीआयडी'ला एकदम बाजूला सारू नका, ही विनंती. पुढच्या काळातला दरवाजा तोडणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण जानेवारी १९९८ ला सुरू झाली तेव्हाची मालिका वेगळी होती. एकेक प्रकरण दोन-दोन भागांत चालायचं, चौकशीला वेळ मिळायचा. शिवाजी साटम तेव्हा हळू आवाजात बोलायचे आणि समोरच्याला बोलू द्यायचे. वीरेंद्रच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर होते. ते सुरुवातीचे भाग आबांना दाखवून बघा.

आणि ७ नोव्हेंबर २००४ चा 'द इन्हेरिटन्स' हा खास भाग. १११ मिनिटं, एकही कट नाही, सगळं एका दमात चित्रित केलेलं. कथा साधी आहे, मी ती उत्तम म्हणणार नाही. पण आपली सांगली नाटकवाल्यांची. एकही चूक परवडत नाही अशा वेळी नट एकमेकांना कसे सांभाळून घेतात, हे इथल्या माणसाला लगेच दिसतं.

धोमचं_पाणी

कुणी 'देवमाणूस' सुचवायच्या आधी लिहिते. मी वाईची. २०१६ साली धोमचं खुनांचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा ज्या घरांतली माणसं वर्षानुवर्षं बेपत्ता होती, त्या घरांची काय अवस्था झाली ते आम्ही जवळून पाहिलं. २०२० मध्ये त्यावरून सुचलेली मालिका आली. कलाकारांनी मेहनत घेतली होती, किरण गायकवाडचं काम उत्तमच होतं. पण मालिका खुन्याच्या मागे मागे चालते, गेलेल्या माणसांपाशी थांबत नाही. मी आठवड्याभरात बंद केली. तुमच्या आबांना डोळे बरे होत असताना शांत झोप हवी, म्हणून रात्री ती नको.

कराडकर

'करमचंद'. १९८५. पंकज कपूर, गाजर आणि सुश्मिता मुखर्जींची किटी. कोडी फार अवघड नाहीत, पण दोन गंभीर भागांच्या मध्ये एक लावा, मन हलकं होतं.

मिरजेचा_वाचक

आणखी एक. भाग निम्म्यावर आला की थांबवा आणि आबांना विचारा, या घडीला कोर्टात काय टिकेल? आमच्याकडे आम्ही हे करतो. मुलगी दहावीत आहे, तीसुद्धा वाद घालते.

गावभाग_सांगली

सगळ्यांचे खूप आभार. बारा दिवस झाले, म्हणून कळवतो. (पुढे 'सत्यान्वेषी' आणि 'रास्ते का कांटा' यांचं रहस्य फुटतंय, न बघितलेल्यांनी इथेच थांबा.)

क्रमानंच बघतोय. मिरजेच्या वाचकांनी सांगितल्याप्रमाणे निम्म्यावर थांबवून आबांना विचारलं, आणि आबा बोलू लागले ते थांबेचनात. त्यांनी जे दाखवलं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. 'सत्यान्वेषी'त ब्योमकेश स्वतःच्या अंथरुणावर उशी ठेवतो आणि मारायला आलेल्या माणसाला तिथेच पकडतो. 'रास्ते का कांटा'मध्ये छातीला ताटली बांधून स्वतःच रस्त्यावर उभा राहतो. दोन्ही वेळा स्वतःचा जीव पणाला. मी विचारलं, नुसतं दरडावून कबूल का करून घेत नाही?

आबा म्हणाले, "करून घेऊन काय उपयोग? पुरावा कायद्याचं कलम २५. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. कलम २७ नं फार तर त्यातून जी वस्तू सापडली तेवढाच भाग येतो. ब्योमकेशला हे ठाऊक आहे, म्हणून तो साक्षीदारांसमोर कृती घडवून आणतो."

ब्योमकेशच्या कलकत्त्यात चालायचा तो १८७२ चा कायदा आणि आबांच्या टेबलावरचा कायदा एकच होता. १ जुलै २०२४ ला त्याच्या जागी नवा आला. झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं झालंय हे मी सांगितलं, तर आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आमच्या वेळी पाहिजे होतं. किती पंच फितूर झालेले बघितलेत मी."

सत्यवतीचा भाग काल झाला. सुधाच्या मैत्रिणीला सांगायचंय की आबांनी तो संपल्यावर पुन्हा लावायला लावला. वाईच्या ताईंचं म्हणणंही मी त्यांना सांगितलं. "बरोबर बोलल्या," म्हणाले.

लिहायची अजून परवानगी नाही, म्हणून शेरे ते सांगतात आणि मी वहीत उतरवतो. 'मकड़ी का रस'चा शेरा असा: 'पुरावा पहिल्यापासून नजरेसमोर. तपासणी समाधानकारक. डॉक्टरांचा जबाब पुन्हा नोंदवावा.' वही वरच्या मजल्यावर, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीये. आज रात्री 'किले का रहस्य'.