स्त्रियांसाठीचे बीसीडी अंगाला नीट कसे बसवावे?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मी मालवणकडे ओपन वॉटरचा (स्कूबा डायव्हिंगचा पहिला) अभ्यासक्रम पूर्ण केला आणि येत्या जानेवारीत अंदमानला जाण्याचा विचार आहे. माझी उंची १५२ सेंटीमीटर आणि वजन ५१ किलो आहे. अभ्यासक्रमात मला मिळालेले भाड्याचे बीसीडी, म्हणजे पाठीवर सिलिंडर धरणारे आणि हवा भरून तरंगण्यासाठी वापरायचे जॅकेट, पुरुषांच्या मापांतले सर्वांत लहान होते. किनाऱ्यावर ते ठीक वाटे. पण पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन त्यात हवा भरली की ते वर सरके, खांद्यांचे पट्टे कानांना टेकत, आणि आडवे पोहताना समोर पाहण्यासाठी मान उचलली की डोके सिलिंडरच्या झडपेवर आपटे. कंबरपट्टा आवळला तर पुरता श्वास घेता येत नसे आणि सैल सोडला तर सिलिंडर पाठीवर डावीउजवीकडे लोळत असे. एकदा तर या सगळ्या गडबडीत इन्फ्लेटरचे (जॅकेटमध्ये हवा भरण्याच्या नळीचे) बटण हाताला लागेना, तेव्हा मी खरोखर घाबरले होते.

आता स्वतःचे, स्त्रियांसाठी बनवलेले बीसीडी घ्यायचे आहे. कोल्हापुरात ते घालून पाहता येईल असे दुकान मला सापडले नाही, त्यामुळे ऑनलाइन मागवावे लागेल. तक्त्याप्रमाणे उंचीने मी एक्सएसमध्ये बसते, तर छातीच्या मापाने एसमध्ये. कोणते घ्यावे? मोठे घेऊन इथल्या शिलाईवाल्याकडून ते लहान करून घेता येईल का?

निळाई

ताई, मी तुमच्यापेक्षा थोडीच उंच आहे आणि पहिली दोन वर्षे याच त्रासात काढली, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या, की जमिनीवर जॅकेट तुमच्या खांद्यांवरून खाली लोंबते आणि पाण्यात ते तुम्हाला वर उचलते. ताण अगदी उलट दिशेला जातो. त्यामुळे दुकानातल्या आरशासमोर खांद्यांवर छान बसलेले जॅकेट हवा भरताच बोटभर, कधी वीतभर वर जाते आणि पट्टे व खांदा यांच्यामध्ये पोकळी पडते. हे सर्वांच्याच बाबतीत घडते. पण पाठ आखूड असेल तर कंबरपट्टा कमरेऐवजी नितंबाच्या हाडावर येतो, त्याला धरायला जागा राहत नाही आणि सारे जॅकेट सुटल्यासारखे होते. म्हणून उंचीपेक्षा पाठीची लांबी मोजावी. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जे हाड टोचते, तिथपासून दोन्ही कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत पाठीवरून टेप धरायची. पन्हाळा ते पावनखिंड चालणारी मंडळी पाठपिशवी घेताना हेच माप घेतात. मग विक्रेत्याला त्या विशिष्ट मापाच्या जॅकेटच्या पाठीची लांबी विचारावी. नुसत्या एक्सएस किंवा एस या अक्षरांवर विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीचे एस वेगळे असते.

‘स्त्रियांसाठी’ या लेबलात नेमके काय असते, हेही तपासून घ्या. चांगल्या जॅकेटमध्ये पाठ आखूड असते, खांद्यांचे पट्टे सरळ खाली न येता स्तनांच्या बाहेरच्या बाजूने वळण घेऊन जातात, आणि छातीचा आडवा पट्टा वरखाली सरकवता येतो, म्हणजे तो स्तनांच्या वर, छातीच्या हाडावर ठेवता येतो. नुसता रंग बदललेले जॅकेट याच नावाने विकले जात असेल तर ते घेऊ नये.

घरी पार्सल आले की वेटसूट घालूनच तपासा. सर्व बकले लावा, तोंडाने हवा भरून जॅकेट पूर्ण फुगवा आणि खोल श्वास घ्या. बरगड्यांवर दाब आला तर ते लहान आहे. पट्टे अंगाला नीट बसतील इतके ओढल्यावर दोन्ही बाजूंना आणखी आवळायला चार-पाच सेंटीमीटरही उरले नाहीत तर ते मोठे आहे. ही उरलेली जागा फार महत्त्वाची असते, कारण दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले (वेटसूटच्या रबरी कापडातले) हवेचे बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो आणि वर घट्ट बसलेला कंबरपट्टा खाली सैल पडतो. मी खाली पोहोचल्यावर दरवेळी तो एकदा ओढून घेते. शेवटी डोळे मिटून इन्फ्लेटर आणि हवा सोडण्याच्या प्रत्येक झडपेची दोरी हाताने शोधून पाहा. तुम्ही सांगितलेला प्रसंग याच तपासणीने टळला असता.

तुमच्या बाबतीत मी एक्सएस मागवीन, मात्र छातीवर फुगवून पाहिल्यावरच लेबल काढीन. परत करण्याची मुदत आधी विचारून ठेवा.

करवीरचा पाणबुड्या

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात सिलिंडरविषयी भर घालतो, कारण डोके झडपेवर आपटण्याचा दोष निम्मा जॅकेटचा आणि निम्मा सिलिंडरचा असतो.

आपल्याकडे सर्रास मिळणारे ८० घनफुटांचे (म्हणजे तेवढी हवा दाबून भरता येणारे) ॲल्युमिनियमचे सिलिंडर झडप सोडून सुमारे ६६ सेंटीमीटर लांब असते. १५२ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीच्या पाठीवर ते खाली घ्यावे तर तळ मांड्यांना लागतो आणि वर घ्यावे तर झडप डोक्याला लागते. ६३ घनफुटांचे सिलिंडर साधारण ५६ सेंटीमीटर असते आणि व्यास तोच असल्यामुळे जॅकेटचा पट्टा त्यावर तसाच बसतो. अंदमानच्या केंद्राला आधीच लिहून ते मागा. लहान चणीच्या व्यक्तीला हवा कमी लागत असल्याने बहुधा काही गैरसोय होत नाही.

दुसरे असे, की ८० चे ॲल्युमिनियम सिलिंडर भरलेले असताना पाण्यात थोडे जड असते आणि रिकामे होत आले की तरंगू लागते, जवळजवळ दोन किलोंच्या उचलीने. डुबकीच्या अखेरीस त्याचा तळ वर उठतो आणि सैल जॅकेटला सोबत खेचतो. सुरुवातीला नीट बसलेले जॅकेट सुरक्षा थांब्यावर, म्हणजे वर येताना पाच मीटरवर थोडा वेळ थांबतो तेव्हा, का त्रास देते याचे कारण इथे आहे. त्यासाठी बुडण्यासाठी कमरेला लावलेल्या शिशातले एक किलो काढून सिलिंडरच्या पट्ट्यावर खालच्या बाजूस लावून पाहा. आणि सिलिंडरचा पट्टा आवळण्यापूर्वी भिजवून घ्या, कारण कोरडी विणलेली पट्टी पाण्यात गेल्यावर ढिली पडते.

उद्यमनगरी

शिलाईच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, ते देतो. हवेच्या पिशवीला लागून असलेल्या कापडात सुई घालू देऊ नका. शिलाईचे प्रत्येक भोक ही गळती असते. लोंबणारी पट्ट्यांची टोके दुमडून शिवून घेणे किंवा दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा जोडून घेणे एवढे काम पाठपिशव्या शिवणारा कारागीर उत्तम करील. दोरा मात्र नायलॉनचा हवा, सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो. हा मधला पट्टा जॅकेटला वर सरकू देत नाही. अनेकजणी संकोचाने तो टाळतात, तसे करू नये.

जॅकेट काही केल्या जमलेच नाही तर पाठीची धातूची पट्टी (बॅकप्लेट), तिच्यात ओवलेल्या एकसंध पट्ट्याचा साज आणि तिच्यावर बसवायची वेगळी हवेची पिशवी हा मार्ग आहे. त्यात खांद्यांचे माप मुळातच शरीरावरून ठरते. उद्यमनगरात मी पत्नीसाठी ३१६ प्रतीच्या ३ मिलीमीटर पोलादाची आखूड पट्टी कापून घेतली. बोल्टच्या भोकांमधले अंतर ११ इंचच ठेवावे लागते, नाहीतर बाजारातली हवेची पिशवी तिच्यावर बसत नाही. पट्टा ओवायच्या फटींच्या कडा मी स्वतः कानशीने गोल केल्या आणि बोट फिरवून पाहिल्या, कारण धारदार कड एका मोसमात पट्टा कापते. पट्टीचे वजन दोन किलोंहून अधिक आहे, तेवढे शिसे कमी लागते. पण विमानातल्या १५ किलोंच्या मर्यादेत ते धरावे लागेल.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. आईकडून टेप धरवून माप घेतले, ते ४० सेंटीमीटर भरले. एक्सएस मागवले, फुगवल्यावर श्वास मोकळा राहतो आणि दोन्ही बाजूंना पाच सेंटीमीटर पट्टा उरतो. मालवणच्या ज्या प्रशिक्षकांकडे शिकले, त्यांच्यासोबत पोहण्याच्या तलावात रविवारी सराव केला. मांड्यांमधला पट्टा आधी न लावता आणि नंतर लावून पाहिले. पहिल्या वेळी पट्टे खांद्यांवरून दोन बोटे उठले, दुसऱ्या वेळी जागचे हलले नाहीत आणि हनुवटी कॉलरबाहेर राहिली. आडवे होऊन समोरची भिंत पाहिली तेव्हा झडप डोक्याला लागली नाही, पण केसांचा अंबाडा तिला लागला; आता वेणी खाली सोडणार आहे. अंदमानच्या केंद्राला ६३ च्या सिलिंडरसाठी काल लिहिले आहे.