कंब्रियाचे दोन तुकडे पाडले, ते बरोबर झालं का?

खिंडवाटा: १ एप्रिल २०२३ ला इंग्लंडच्या वायव्य टोकाच्या कंब्रिया काउंटीची काउंटी कौन्सिल आणि तिच्याखालच्या सहा जिल्हा कौन्सिल (स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्था) बरखास्त झाल्या. त्यांच्या जागी दोनच आल्या: कंबरलँड (अॅलरडेल, कार्लाइल, कोपलँड) आणि वेस्टमोरलँड अँड फर्नेस (बॅरो, ईडन, साउथ लेकलँड). माझ्या मते हद्द चुकली. ग्रासमियर गावाहून केझिकला जाणारा ए५९१ रस्ता डनमेल रेझ खिंडीत या दोन कौन्सिलांची हद्द ओलांडतो. डिसेंबर २०१५ च्या डेझमंड वादळात हाच रस्ता वाहून गेला आणि मे २०१६ पर्यंत बंद राहिला. तेव्हा जबाबदार कौन्सिल एकच होती. आता खिंडीच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरी. अख्ख्या कंब्रियाला एकच कौन्सिल हवी होती.

डोंगरमाथा: असहमत. खरी डोकेदुखी दुहेरी कारभाराची होती: कचरा उचलणं जिल्ह्याकडे, त्याची विल्हेवाट काउंटीकडे. ती संपली, हा मोठा फायदा आहे. हद्दीचं म्हणाल तर मधोमध स्कॅफेल पाइकसारखे (९७८ मीटर) डोंगर उभे आहेत. हार्डनॉट घाटाचा चढ तीनास एक, हिवाळ्यात तिथून कोण जाणार? पश्चिम किनाऱ्यावरचं व्हाइटहेवन आणि डोंगरांपलीकडचं केंडल या शहरांचा रोजचा संबंध तसाही कमीच. आणि डनमेल रेझवर हद्द नवी कुठे आहे? १९७४ पूर्वीच्या कंबरलँड आणि वेस्टमोरलँड या जुन्या काउंट्यांची हद्द तीच होती.

खिंडवाटा: मग पेनरिथ, ऑल्स्टन ही जुनी कंबरलँडची गावं वेस्टमोरलँडमध्ये कशी? ऑल्स्टन आणि बॅरो ही दोन टोकं एका कौन्सिलमध्ये बसवायची, आणि बॅरोपासून रेल्वेने अर्ध्या तासावरचं मिलम मात्र कंबरलँडमध्ये! लोक नदीच्या खाडीपलीकडे कामाला जातात, कौन्सिल मात्र कार्लाइलकडची.

वाळूपलीकडे: तुम्ही दोघंही दक्षिण विसरताय. बॅरो, साउथ लेकलँड आणि लँकेस्टर यांची मिळून 'बे' कौन्सिल करायचा प्रस्ताव होता. सरकारने २०२१ मध्ये तो नाकारला. फर्नेस (बॅरोचा परिसर) १९७४ पर्यंत लँकेशायरमध्येच होता, आणि मोरकॅम बे परिसरातली रुग्णालयं आजही एकाच ट्रस्टखाली (सरकारी आरोग्यसेवेची व्यवस्थापन संस्था) आहेत. मला तीच जोडणी सर्वांत नैसर्गिक वाटते.

डोंगरमाथा: त्यासाठी कंब्रिया आणि लँकेशायर या दोन काउंट्यांची पोलीस आणि अग्निशमन व्यवस्था सोडवावी लागली असती, ते सोपं नव्हतं. बरं, वाद कितीही घाला, अर्ज योग्य जागी करा. अॅम्बलसाइडला घर वाढवायचं तर परवानगी लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाची, कौन्सिलची नव्हे. ए६६ किंवा ए५९० या महामार्गांवरचा खड्डा नॅशनल हायवेज या सरकारी महामार्ग कंपनीला कळवायचा. कौन्सिलकडे पाठवलात तर तक्रार पुढे ढकलली जाते आणि दिवस वाया जातात.

खिंडवाटा: हे मान्य. पण डनमेल रेझवर हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक दोन्ही कौन्सिलांनी मिळून ठरवावं, ही मागणी मी सोडणार नाही.