मदत हवी आहे: गर्दीत गाडी गरम होते, हेड उतरवण्याआधी काय तपासून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी आहे, पेट्रोलची. कर्ज कधीच फिटलंय आणि नवी घेणं सध्या जमणारं नाही, त्यामुळे हिलाच अजून काही वर्षं चालवायचंय. अडचण अशी की मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा अगदी मधोमध असतो, पण गर्दीत रखडत जायची वेळ आली की वर चढायला लागतो. परत वेग घेतला की आपला आपण खाली येतो.

गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडलं, बाटलीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी दिसलं आणि लगेच निकाल लागला: हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. चाचणी वगैरे काही नाही. सांगितलेला खर्च गाडी विकून येतील त्याच्या निम्म्याहून जास्त, आणि वर 'बाकीचं उघडल्यावर कळेल'. आकड्यापेक्षा त्या 'उघडल्यावर कळेल'चीच मला धास्ती आहे.

गॅस्केट गेल्याच्या खुणा आहेत का, ते घरी जमेल तेवढं बघितलं. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली, बुडबुडे आले नाहीत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ. इंजिन तापल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही. गाडी उभी ठेवून चालू सोडली तेव्हा काटा निम्म्याच्या बराच वर गेला तरी पंख्याचा आवाज नव्हता. एसी लावला तर पंखा लगेच फिरला आणि काटा हळूहळू उतरला.

कूलंट मात्र कमी होतंय. गाडीखाली डाग पडत नाही, पण बेल्टच्या बाजूला, वॉटर पंपाच्या खाली, धातूवर गुलाबीसर पांढरा ओघळ वाळलेला आहे. नख लावलं तर मिठासारखा भुगा होतो.

एकानं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाका म्हटलं, दुसऱ्यानं गळती बंद करणारी पावडर सुचवली. एका वेळी एकाच कामाचे पैसे उभे करू शकतो. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
हेडला अजिबात हात लावू देऊ नका. हायवेला थंड आणि गर्दीत गरम म्हणजे आधी पंखा बघायचा, कारण वेगात वारा आपोआप मिळतो. गॅस्केट गेलेली किंवा रेडिएटर आतून चोंदलेली गाडी सहसा चढावर आणि वेगात जास्त तापते. फक्त एक सांगा, पंखे दोन आहेत का? काही गाड्यांत एसीचा पंखा वेगळा असतो. तसं असेल तर एसीवर फिरला तो दुसराच, मुख्य पंखा मेलेला असू शकतो. एकच असेल तर मोटर ठीक आहे. मग तापमानाचा स्विच, सेन्सर किंवा रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा.

तो ओघळ म्हणजे वॉटर पंपाचं सील. सील झिजलं की कूलंट बाहेर पडावं म्हणून पंपाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. गरम इंजिनवर थेंब जागीच वाळतो, म्हणून खाली डाग दिसत नाही.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत, पण गॅस्केटची शंका मनात ठेवून गाडी चालवू नका. कधी कधी सुरुवातीला गॅस्केट यातली एकही खूण दाखवत नाही. दोन चाचण्या आहेत. एक हातपंपानं कूलिंग सिस्टिममध्ये झाकणावर लिहिलेला दाब भरून तो टिकतो का बघायचा. दुसरी रासायनिक: रेडिएटरच्या तोंडाशी निळा द्रव धरतात, सिलिंडरमधला वायू येत असेल तर तो पिवळा पडतो. दोन्हींचा खर्च हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. 'चाचणीचे पैसे देतो, करून दाखवा' म्हणा. नाही म्हणाला तर गॅरेज बदला.

रेडिएटरचं झाकण नवीनच घ्या, सगळ्यात स्वस्त भाग तोच. साधारण १ बार दाब धरला तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं; रबर कडक झालं की तो फायदा गेला.

थर्मोस्टॅट काढू नका. तो बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. नसला तर इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं. पावडर तर नकोच, रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजतात.

धागाकर्ता:
पंखे दोनच निघाले! एसीवर लहान फिरतो. मोठ्याचा फ्यूज आणि रिले ठीक आहेत. ओळखीच्या वायरमननं त्याला बॅटरीवरून थेट करंट दिला, तरी ढिम्म. म्हणजे मोटरच गेली. आता झाकण, मोटर आणि त्या दोन चाचण्या एवढंच करून पंप पुढच्या पगारावर ढकलला तर चालेल का?

प्रतिसाद १:
मोटर भंगारातली चालेल, फक्त तिथेच बॅटरीवर फिरवून बघा. पंप मात्र जुना घेऊ नका. आणि आधी विचारा की तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) फिरतो का. फिरत असेल तर बेल्ट आणि पंप एकदमच बदला, उघडण्याची मजुरी एकदाच पडते.

थांबायचं असेल तर रोज सकाळी इंजिन थंड असताना पातळी बघा, सोबत कूलंट ठेवा. काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि गाडी बाजूला. गरम असताना झाकण उघडू नका. पण पंपाकडून घरघर यायला लागली तर पगाराची वाट बघायची नाही. टायमिंग बेल्टवरचा पंप जाम झाला की बेल्ट तुटतो, पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग खरंच हेड उतरवावं लागतं.