छोटी गाडी बर्फात चढत नाही, शुक्रवारी निघायचंय. मदत हवी आहे

पिंपळपान
पोलो आहे, पेट्रोल. परवापासून बर्फ पडतोय आणि गाडी तळघरातल्या पार्किंगच्या चढावर अर्ध्यातच अडते. पुढची चाकं जागेवर गरागरा फिरतात, मग गाडी बाजूला सरकायला लागते. शुक्रवारी सासू-सासऱ्यांना घेऊन फेल्डबर्गला जायचंय. हॉटेलचे पैसे भरलेत, ते परत मिळणार नाहीत. डिक्कीत वजन ठेवलं तर फरक पडेल का? की टायरमधली हवा थोडी कमी करू? कृपया लवकर सांगा. 'बर्फात गाडी काढूच नका' हा सल्ला नको, तो घरात रोज ऐकतेय.

गिअरबॉक्स
कोणतं फेल्डबर्ग? एक फ्रँकफर्टजवळ टाउनुसमध्ये आहे, दुसरं ब्लॅक फॉरेस्टमध्ये. गिअर मॅन्युअल की ऑटोमॅटिक? आणि मुख्य म्हणजे टायर कोणते आहेत?

तांबडी_माती
आम्ही स्विफ्ट घेऊन पुण्याहून मनालीला गेलो होतो. घाबरू नका, छोटी गाडी मस्त जाते. फक्त पहाटे निघू नका, दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून रस्ता काचेसारखा होतो आणि दिसत नाही. जास्त बर्फ असला की पोलीस सोलंगच्या अलीकडेच अडवतात, पुढे फोर बाय फोरच सोडतात. चाकांना बांधायच्या साखळ्या तिथे भाड्याने मिळतात. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, आत रस्ता कोरडा असतो, पण पलीकडे सिस्सूच्या बाजूला बाहेर पडताना वेग कमी ठेवा.

पिंपळपान
दादा, मी जर्मनीत आहे. स्टुटगार्टहून ब्लॅक फॉरेस्टला जायचंय. गिअर मॅन्युअल. टायर ऑल-सीझन आहेत, गाडी घेताना विकणाऱ्याने तसंच सांगितलं होतं, त्यामुळे टायरचा प्रश्न नाही. वजनाचं सांगा ना कुणीतरी.

उत्तरायण
मी नॉर्वेत राहतो. खिळे असलेले टायर घ्या, विषय संपला. आमच्याकडे यारिससारखी छोटी गाडी घेऊन घाट चढतो.

गिअरबॉक्स
उत्तरायण, जर्मनीत खिळ्यांच्या टायरवर १९७५ पासून बंदी आहे. त्यांना चुकीच्या वाटेला लावू नका.

ताई, वजनाचं सांगतो. पोलोचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. डिक्कीत सिमेंटची गोणी टाकलीत तर पुढची चाकं आणखी हलकी होतील. ती युक्ती मागची चाकं ओढणाऱ्या जुन्या गाड्यांची. हवाही कमी करू नका, उलट थंडीत ती आपोआप उतरते, तेव्हा तपासून पूर्ण भरा. आणि टायरचा प्रश्न नाही असं टायर बघितल्याशिवाय म्हणू नका. खाली वाकून बाजूच्या भिंतीवर बघा: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं चित्र आहे का? की नुसतं 'एम प्लस एस' (म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय? डॉट या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडेही सांगा.

शेवंती
कोलोनमध्ये मी कित्येक वर्षं ऑल-सीझनच वापरतेय, कधी त्रास नाही. दोन दोन सेट ठेवायला जागा कुणाकडे असते? उगाच खर्चात पाडू नका कुणाला.

गिअरबॉक्स
कोलोनला बर्फ टिकतो किती? ब्लॅक फॉरेस्टमधल्या फेल्डबर्गची खिंड १,२३१ मीटरवर आहे, शिखर १,४९३. डोंगराचं चित्र असलेले चांगले ऑल-सीझन असतील तर कायद्याने चालतात, माझंही काही म्हणणं नाही. पण म्हातारी माणसं मागे बसवून घाट उतरायचाय, तिथे मी खरे विंटर टायरच लावीन.

पिंपळपान
चित्र नाहीये. एम प्लस एस आहे. आकडे ३११६.

गिअरबॉक्स
म्हणजे २०१६ च्या ३१व्या आठवड्यात तयार झालेले. रबर एव्हाना कडक झालंय, चढावर चाकं फिरतायत ती यामुळेच. शिवाय २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या एम प्लस एस टायरना इथे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच सूट होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाचं चित्र लागतंच. बर्फाळ रस्त्यावर या टायरांवर पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट. अपघात झाला तर विमा कंपनीही हात आखडता घेऊ शकते. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण बर्फासाठी ४ च्या खाली काही अर्थ नाही.

कातळशिल्प
टायर बदलेपर्यंत पार्किंगपुरता उपाय: रिव्हर्समध्ये चढवा. उलटं चढताना वजन खालच्या बाजूला, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर येतं. फियाट पांडा मी असाच काढायचो.

शेवंती
अरुंद रॅम्पवर उलटं? भिंतीला घासेल ना गाडी! त्यापेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत.

गिअरबॉक्स
दोन्ही बरोबर आहे. पण सगळ्यात आधी रॅम्पवर खडी किंवा वाळू टाका. चाकं जागेवर फिरली की खालचा बर्फ घासून गुळगुळीत होतो, मग दहा वेळा प्रयत्न करून उपयोग नाही. ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाकं जागेवर फिरू लागली की जोर कमी करणाऱ्या यंत्रणेचं) बटण असेल तर अडकलेली गाडी सोडवण्यापुरतं बंद करा, निघालात की लगेच चालू.

माहेरवाशीण
गाडीच कशाला? फ्रायबुर्गहून होलेनटालची रेल्वे आहे, टिटिसेवरून पुढे जा. फेल्डबर्ग-बेरेन्टाल स्टेशन ९६७ मीटरवर आहे, तिथून बस. मुक्काम केला की तिथल्या बऱ्याच गावांत कोनुस कार्ड मिळतं, लोकल गाड्या आणि बस फुकट. सासूबाईंना खिडकीतून बर्फ बघायला आवडेल.

पिंपळपान
माहेरवाशीणताई, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सामानासकट गाड्या बदलणं जमणार नाही. टायर शोधते. साखळ्या पण घेऊ का?

तांबडी_माती
घ्याच. आमच्या पोराने मनालीत मागच्या चाकांना बांधल्या होत्या, काही उपयोग झाला नाही.

गिअरबॉक्स
पुढच्याच चाकांना लावायच्या, ओढणारी तीच. निळ्या गोल पाटीवर साखळी घातलेलं चाक दिसलं की लावणं सक्तीचं, आणि वेग जास्तीत जास्त ५०. तुमच्या मापाच्या टायरवर साखळी चालते का ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, काही रुंद टायरना परवानगी नसते. आणि घरी कोरड्यात एकदा लावून बघा. गारठलेल्या बोटांनी रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाही ती.

आडवाट
भारतीय लायसन्सवर चालवताय का? इथे राहायला आल्यावर सहाच महिने चालतं.

पिंपळपान
जर्मन लायसन्स आहे हो. कृपया विषयावर राहू या.

शेवंती
उतारावरचं कुणीच सांगितलं नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाका, मधे क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नका. ब्रेक जोरात दाबलात की चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसमुळे पायाखाली पेडल थडथडतं. दचकून पाय उचलू नका, दाबूनच ठेवा. आणि टपावरचा बर्फ निघण्याआधी पूर्ण झाडा. ब्रेक लागला की तो सगळा पुढच्या काचेवर येतो, काहीच दिसत नाही.

पिंपळपान
एका गॅरेजवाल्याकडे माझ्या मापाचे विंटर टायर रिमसकट मिळाले. वापरलेले आहेत, पण डोंगराचं चित्र आहे, खोली ६ मिलिमीटर, तीन वर्षांपूर्वीचे. उद्या संध्याकाळी बसवून देतो म्हणाला. काच धुण्याचं पाणी पण गोठलंय असं आत्ता कळलं, त्यात थंडीचं लिक्विड घालून घेते.

गिअरबॉक्स
उत्तम. चाकं बदलल्यावर ५० किलोमीटर झाले की बोल्ट परत आवळून घ्या, गॅरेजवाला सांगायला विसरतो. आणि फेल्डबर्गला मुक्कामी हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून अडकतो. सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये उभी करा.