प्रतिसाद: किरण उलटे धावतात, आणि शिंपल्यात अडकतात
उजेडाचे किरण मोजून संगणक चित्र कसं काढतो (रे ट्रेसिंग), त्याबद्दल 'दिव्यातून निघालेला प्रत्येक किरण संगणक मोजतो' असं वर आलंय, ते उलटं आहे. सहसा किरण चित्राच्या काल्पनिक कॅमेऱ्यातून, एकेका पिक्सेलमधून सोडतात. दिव्यातून सोडलेले बहुतेक त्या कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. १९८० साली टर्नर व्हिटेड या संगणकतज्ज्ञाच्या अशा एका चित्राला ७४ मिनिटं लागली होती, तीही काचेच्या नि आरशाच्या गोळ्यांसाठी.

आमच्या गोव्यातल्या, काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या खिडक्या त्याहून छळतात. पणजीतल्या एका जुन्या घराचं रेंडर (संगणकी चित्र) करताना मी तावदानाला सरळ काच लावली, तर पलीकडचा माड लख्ख दिसायला लागला! शिंपला उजेड आत घेतो, पण विस्कटून. उजेड विस्कटणारं मटेरियल लावलं, तर किरण कमी पडून चित्रभर रवाळ ठिपके. ते निम्मे करायला किरण चौपट लागतात. मशीन रात्रभर चालू ठेवलं. पहाटे वीज गेली.