मुक्ती, पण कशातून?
‘ख्रिस्ती झालं की दुःखं संपतात’ असं काही जण म्हणतात, आणि दुसरे त्याची टर उडवतात. मला दोन्ही पटत नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण म्हणून दुःखं थांबली कुठे? इकडे लोकांनी झोडपलं ते वेगळंच. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमाही गेली. तरी त्यांनी केडगावला काढलेल्या संस्थेचं नाव ‘मुक्ती’! दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा तिथे छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायच्या. (त्या काळात, विधवांच्या हाती खिळे!) माझ्या मते मुक्ती ती होती.

आमची आजी नगर जिल्ह्यातली. आजोबा गेल्यावर तीन पोरं घेऊन ऊसतोडीला जायची. पहाटे चूल पेटवण्याआधी डोक्यावर पदर घेऊन दोन मिनिटं प्रार्थना, मग कोयता. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना भजन गुणगुणायची. मी एकदा विचारलं, “येशूनं काय हलकं केलं गं?” तर म्हणाली, “मोळी तेवढीच जड हाय, पर मी एकटी उचलत न्हाई.”

मुकादमाकडून तिनं घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, मात्र वडिलांनीच फेडली, पुढे कैक वर्षं.